जुन्या हत्यारांचा गंज भिजवून कसा काढायचा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

जुन्या पेटीच्या तळाशी एखादा पाना, पक्कड किंवा रंध्याचं पातं सापडतं, हातात घेतलं की बोटं लाल होतात आणि पहिला विचार हाच येतो की पॉलिश पेपर घ्यावा आणि घासून काढावं. थांबा जरा. घासल्याने वरवरचा गंज जातो पण खाचेतला, आट्यांमधला, कोरलेल्या अक्षरांमधला तसाच राहतो आणि चांगलं लोखंड मात्र झिजतं, कडा गोल होतात, साइजचे आकडे पुसट होतात. गंज विरघळवणाऱ्या पाण्यात भिजवलं की जिथे ते पाणी पोचतं तिथला सगळा गंज सुटतो आणि तोवर आपण दुसरं काम करायला मोकळे.

आता मोकळे म्हणजे किती मोकळे, हे मी चुकून शिकलो. पहिल्यांदा मी एक रंध्याचं पातं साध्या व्हिनेगरमध्ये टाकलं, डबा कोपऱ्यात सरकवला आणि चक्क विसरलो. पाच दिवसांनी आठवण झाली. पाणी गढूळ तपकिरी, पातं बाहेर काढलं तर काळपट करडं, बोट फिरवलं की शाई लागल्यासारखं काळं होतंय. पातं डब्यात तिरकं उभं होतं, थोडं पाण्याबाहेर, तर पाण्याची पातळी जिथे होती बरोबर तिथे आडवी खोल रेघ कोरली गेली होती, नखाला लागेल अशी, आणि धारेजवळ सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. गंज गेला होता यात वाद नाही, पण पातंही त्याच्या मागोमाग गेलं. म्हणून हा लेख. गंज पाणी काढतं, आपलं काम आहे योग्य पाणी निवडणं आणि वेळेवर बाहेर काढणं, आणि बाहेर काढल्यावरची पहिली दहा मिनिटं सांभाळणं.

थोडं कारण समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो, आणि हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं कोरं लोखंड परत उघडं पडतं. अॅल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा थर बसतो तो घट्ट असतो, आतल्या धातूला झाकून ठेवतो, गंज तसं काही करत नाही, तो आत आत जात राहतो. अॅसिड हा गंज विरघळवतं. अडचण एवढीच की गंज संपला म्हणून अॅसिड थांबत नाही, ते खालच्या लोखंडाकडे वळतं, बारीक बुडबुडे दिसायला लागतात तो हायड्रोजन असतो. बुडबुडे दिसतायत म्हणजे मस्त काम चाललंय असं नवख्या माणसाला वाटतं, पण बऱ्याचदा ते चांगलं लोखंड खाल्लं जात असल्याचं लक्षण असतं.

आता कशात भिजवायचं.

व्हिनेगर सगळ्यांना माहीत आहे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अॅसेटिक अॅसिड असतं, पाणी न घालता तसंच वापरायचं. हलका गंज असेल तर काही तासांत, जाड असेल तर २४ तासांपर्यंत. त्यापुढे ठेवू नका, माझ्या पात्याचं काय झालं ते वर सांगितलंच. काहीजण त्यात मीठ घालतात, काम लवकर होतं हे खरं, पण मीठ नीट धुतलं गेलं नाही तर नंतर तेच मीठ गंज परत आणतं, म्हणून मी घालत नाही.

सायट्रिक अॅसिड म्हणजे आपलं लिंबूफूल, पांढरी पावडर. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. व्हिनेगरपेक्षा वास कमी, जागा कमी लागते कारण पावडर आहे, आणि सायट्रिक लोखंडाच्या कणांना धरूनही ठेवतं त्यामुळे गंज नुसता सुटत नाही तर पाण्यात विरघळलेला राहतो. पण हेही अॅसिडच, विसरलात तर हेही खाणार.

मग यावर उपाय म्हणजे सायट्रिकची आंबट धार सोड्याने बोथट करायची, आणि नवख्यांना मी डोळे झाकून हेच सांगतो. एक लिटर पाणी, १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, ४० ग्रॅम धुण्याचा सोडा, शेवटी भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. सोडा अॅसिडचा बराचसा भाग मारतो, सोडियम सायट्रेट तयार होतं, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) साडेचार-पाचच्या आसपास येतो, आणि असं पाणी गंजाला धरतं पण कोऱ्या लोखंडाच्या वाटेला फारसं जात नाही. अजिबात जात नाही असं नाही, पण एखादी रात्र जास्त झाली तर जीव खालीवर होत नाही. वेळ जरा जास्त लागतो, तेवढं चालतं.

सोड्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं. ४० ग्रॅम म्हणजे कोरड्या पावडरचा हिशोब. काचेसारखे खडे असलेला सोडा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तो १०० ग्रॅमच्या वर लागेल. आणि धुण्याचा सोडा नाहीच मिळाला, खायचा सोडा आहे, तर तो साधारण ६० ग्रॅम घ्या, तेच काम होतं.

रेडीमेड गंज काढायची लिक्विडं दोन जातीची असतात. एक फॉस्फोरिक अॅसिडवाली, ती गंज काढतात आणि लोखंडावर फॉस्फेटचा करडा थर सोडतात, पुढे रंग मारायचा असेल तर तो थर चांगलाच, पण चकचकीत हत्यार हवं असेल तर नको. दुसरी चिलेटिंगवाली, म्हणजे लोखंडाच्या कणांना धरून ठेवणारी, जवळजवळ न्यूट्रल असतात, हाताला फार त्रास नाही, लोखंडाला सांभाळून घेतात, काळी पडेपर्यंत परत परत वापरता येतात. महाग पडतात पण एखादं मोलाचं मोजमापाचं हत्यार असेल तर तीच वापरा.

उसाच्या मळीचं पाणीही चालतं, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, पण एक ते तीन आठवडे लागतात आणि ते आंबतं, वर बुरशी धरते, वास असा की घरातली माणसं तुम्हालाच बाहेर काढतील. मोठं, वाकडंतिकडं काहीतरी असेल, घाई नसेल आणि लांबवर जागा असेल तर ठीक. कोला घालून गंज जातो म्हणतात, जातो थोडाफार, त्यात थोडं फॉस्फोरिक अॅसिड असतं म्हणून, पण साखरेचा चिकटा धुत बसा वर.

आणि टॉयलेट क्लीनर किंवा हायड्रोक्लोरिक अॅसिड अजिबात नको. गंज मिनिटांत जातो, बघायला मजा येते, पण त्याची वाफ खोलीभर पसरते आणि आठवड्याभरात भिंतीवर टांगलेली तुमची बाकीची चांगली हत्यारं गंजून तयार. शिवाय यातलं कुठलंही अॅसिड ब्लीचबरोबर कधीच मिसळू नका, क्लोरीन गॅस तयार होतो, तो फुफ्फुसं जाळतो. ब्लीचचा रिकामा डबाही भिजवायला घेऊ नका.

चला आता कामाला.

१. आधी बघा काय भिजवायचं नाही

लाकडी दांडा असेल तर तो काढून ठेवा, निघत नसेल तर फक्त लोखंडाचा भाग बुडेल असं टांगा. अॅल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेलं काही, हे अॅसिडच्या पाण्यात टाकू नका, जस्त तर बघता बघता विरघळून जातं. क्रोमचा मुलामा असलेल्या पान्याचा क्रोम जर आधीच सुटायला लागला असेल तर भिजवल्यावर अजून पापुद्रे निघतील, मनाची तयारी ठेवा. जुन्या लोखंडी रंध्यांच्या अंगावर काळा चमकदार लेप असतो तो आणि इतर कुठलाही जुना रंग, सुटण्याची शक्यता धरून चाला. बेअरिंग असलेली, ग्रीस भरून सीलबंद केलेली वस्तू बुडवायची नाही. आणि स्प्रिंग, करवतीचं पातं असलं कडक पोलाद साध्या अॅसिडमध्ये तासन्‌तास ठेवू नका, अॅसिडमधून निघणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं, दिसायला छान आणि वापरताना तडकन मोडणारं. यांच्यासाठी सोडा घातलेलं सायट्रिक किंवा चिलेटिंग लिक्विडच.

२. सोडवा, फोटो काढा, धुवा

जेवढं सुटं होतंय तेवढं करा. स्क्रू, वॉशर, पिना एका छोट्या डबीत. सोडवण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा, प्लीज, कारण दोन दिवसांनी कुठला वॉशर कुठल्या बाजूला होता हे आठवत नाही, आणि आपल्याला आठवेल असंच प्रत्येकाला वाटतं. स्क्रू जाम असेल तर जोर लावून डोकं खराब करू नका, तसंच भिजवा, निम्मे वेळा भिजल्यावर आपोआप सैल होतात.

मग धुणं. ही पायरी लोक उडी मारून पुढे जातात आणि मग म्हणतात सोल्युशन काम करत नाहीये. जुन्या हत्याराला वर्षानुवर्षांचं तेल, ग्रीस, धुळीचा राप बसलेला असतो, त्याच्याखाली पाणी जातच नाही, आणि मग गंज ठिपक्याठिपक्यांनी निघतो. गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड, ताठ ब्रश, आणि हट्टी राप असेल तर चिमूटभर धुण्याचा सोडा. पाणी अंगावर एकसारखं पसरायला लागलं, थेंब गोळा होऊन सरकायचे थांबले, की समजा तेल गेलं. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने आत्ताच झाडून टाका, त्यांना विरघळवण्यात सोल्युशन कशाला वाया घालवायचं. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, त्याची धूळ उडवू नका, ओलं करूनच घासा.

३. पाणी तयार करा

डबा प्लास्टिकचा किंवा काचेचा. लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा नको, कारण मग डबाच विरघळत बसेल. डबा लागतो त्याच्या तिप्पट मोठा घ्या, आणि हे मी उगाच सांगत नाहीये. सायट्रिकमध्ये सोडा पडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, वर दिलेल्या एक लिटरच्या मापाला साधारण नऊ लिटर गॅस निघतो, सगळं एकदम ओतलंत तर फेस ओट्यावरून जमिनीवर. आधी पाण्यात सायट्रिक पूर्ण विरघळवा, मग सोडा चमचा चमचा, फसफस खाली बसली की पुढचा चमचा. लिक्विडचे थेंब सगळ्यात शेवटी, आधी घातलेत तर फेसाचा डोंगर होईल. हातात रबरी ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर चष्मा. सायट्रिक म्हणजे लिंबूच की म्हणून दुर्लक्ष करू नका, डोळ्यात उडालं की कळतं.

आणि हे सगळं मार्बलवर करू नका, सिमेंटच्या ओट्यावरही नको. अॅसिड मार्बल खातं आणि गंजाच्या पाण्याचे डाग तर जन्माचे सोबती. खाली जुनं प्लास्टिक पसरा.

४. बुडवा आणि लक्ष ठेवा

पूर्ण बुडवा. टोकसुद्धा वर राहायला नको, नाहीतर ती पाण्याच्या पातळीवरची रेघ. तुकडे एकमेकांवर चपटे पडू देऊ नका, जिथे चिकटतात तिथे गंज तसाच राहतो, म्हणून मध्ये प्लास्टिकच्या टाय किंवा जाळी टाका, अधूनमधून उलटे करा. झाकण सैल ठेवा, गॅस बाहेर जायला हवा. पाणी कोमट असेल तर काम बरंच लवकर होतं, थंडीत तेच सोल्युशन आळशी होतं.

साध्या व्हिनेगर-सायट्रिकला दर तासा-दोन तासाने बघा. सोडा घातलेल्याला चार-सहा तासांनी, मग रात्रभर. प्रत्येक वेळी काढून जुन्या टूथब्रशने घासायचं, कारण सुटलेला गंज वर काळ्या चिखलासारखा बसून राहतो आणि खालच्या गंजापर्यंत पाणी पोचू देत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात आवडते. एक स्क्रू पाना होता, अंगठ्याने फिरवायचं त्याचं चाक दगडासारखं जाम, जबडा अर्धा उघडा तसाच अडकलेला. पहिल्या रात्रीनंतर काही नाही. घासला, परत बुडवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रश मारताना चाक अगदी केसभर हललं, मग परत मागे, मग पुढे, आट्यांमधून काळं पाणी यायला लागलं, आणि पाच मिनिटं असं पुढेमागे केल्यावर जबडा सर्रकन बंद झाला. जोर लावला असता तर चाकाची पिनच वाकली असती.

कधी थांबायचं? लाल-तपकिरी रंग गेला आणि एकसारखा करडा दिसला की झालं. काळे डाग राहतात काही, ते बऱ्याचदा मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचाच काळा ऑक्साइड, तो नुकसान करत नाही, त्याच्या मागे लागून तासन्‌तास जास्त भिजवू नका. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वस्तूवर काळी पूड येत राहते, तो बिडातला कार्बन, किती पुसलं तरी थोडा येणारच. आणि जिथे गंजाने खड्डे पाडलेत ते खड्डे राहणार, गेलेलं लोखंड कुठलंच पाणी परत आणत नाही.

५. बाहेर काढल्यावरची दहा मिनिटं

इथे खरी गंमत आहे. काढायच्या आधी सगळं हाताशी मांडून ठेवा, फडकी, खायच्या सोड्याचं पाणी, हेअर ड्रायर, तेल. कारण आत्ता हे लोखंड एकदम उघडं आहे, त्याच्यावर ना तेल ना जुना थर, आणि ओलं आहे, म्हणजे गंजायला याहून चांगला मुहूर्त नाही. तुम्ही फोन घ्यायला गेलात आणि परत आलात की करड्या अंगावर केशरी झाक आलेली असते, हो, इतक्या लवकर, मिनिटांचा खेळ आहे.

तर एक तुकडा काढा, सगळे एकदम नाही. वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासा. साध्या अॅसिडमधून काढला असेल तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, खाचांमध्ये राहिलेलं अॅसिड मारायला, नाहीतर महिन्याभराने त्याच खाचांतून गंज डोकं वर काढतो. परत धुवा, आणि शेवटचं धुणं कडकडीत गरम पाण्याने, चिमट्याने धरून. लोखंड तापतं आणि पाणी त्याच्याच उष्णतेने उडून जातं, ही युक्ती ड्रायरपेक्षा भारी आहे. मग फडक्याने पुसा, सांध्यात, भोकात ड्रायर मारा. तरीही केशरी झाक आलीच तर घाबरू नका, ती वरवरची असते, तेल लावलेल्या बारीक स्टील वूलने पुसली जाते.

६. तेल

हत्यार कोमट असतानाच तेल. शिलाई मशीनचं पातळ तेल सांध्यांना आणि आट्यांना, बाकी अंगाला कुठलंही मशीन ऑइल, भरपूर लावून अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून टाका. खायचं तेल नको, ते काही दिवसांत चिकट गोंद होतं. डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दल नेहमी विचारतात. त्याचं नावच पाणी हटवण्यावरून आहे, १९५३ साली चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला म्हणून ४०, आणि पाणी हटवायला ते उत्तमच आहे, तेव्हा ड्रायरनंतर एक फवारा मारा हवं तर. पण पातळ असतं, त्याच्यावर महिनोन्‌महिने विसंबू नका, वरून खरं तेल लागतंच. रंध्याचा तळ, करवतीचं पातं अशा लाकडाला लागणाऱ्या भागाला तेलाऐवजी मेण लावा, तेलाचे डाग लाकडावर पडले की मग पॉलिश धरत नाही.

धार असलेली हत्यारं, पटाशी, रंध्याचं पातं, यांना आता परत धार लावावी लागेल हे धरूनच चाला. पटाशीची मागची सपाट बाजू दगडावर घासताना धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का ते नीट बघा. खड्डा धारेपर्यंत आला की तिथे धारेला दात पडतो, मग खड्डा संपेपर्यंत पातं मागे घासत न्यावं लागतं.

लांब करवत डब्यात मावत नाही, मग काय करायचं? जाड प्लास्टिक चार लाकडी पट्ट्यांवर पसरून उथळ हौद करा, किंवा टिश्यू पेपर सोल्युशनमध्ये भिजवून पात्याला लपेटा आणि वरून प्लास्टिकची फिल्म गुंडाळा, सुकू द्यायचं नाही एवढंच, सुकलं की तिथे डाग पडतो. कानशींना मात्र साधं सायट्रिक चालतं, उलट थोडं अॅसिड दात्यांमधला राप काढून त्यांना किंचित तेजच करतं, पण तासाभरात काढा.

उरलेलं पाणी. सोडा घातलेलं सायट्रिक अजून हिरवट-पिवळं असेल तर गाळून बरणीत ठेवा, पुढच्या वेळी चालेल, बरणीवर नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. काळं पडून काम करेनासं झालं की त्यात फसफस थांबेपर्यंत सोडा घाला आणि भरपूर पाण्याबरोबर सोडून द्या. झाडांच्या कुंडीत ओतू नका. जुन्या रंगाचे पापुद्रे मात्र गाळून वेगळे काढा, ते ड्रेनेजमध्ये नकोत.

दोन आठवड्यांनी पेटी उघडून एकदा बघा, मुख्यतः सांधे आणि कोरलेली अक्षरं. कुठे लाल ठिपका दिसला तर तेवढ्याच जागी तेल आणि स्टील वूल मारा, परत भिजवायची गरज नसते. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पक्कड ठेवताना जबडा मिटून ठेवू नका, किंचित उघडा ठेवा, मिटलेल्या फटीत ओल राहते आणि पुढचा गंज नेमका तिथूनच सुरू होतो.